टिकली की गोंदण?

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची सुरेख प्रतिमा मिळाली आहे. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारी केंद्रकं, मधूनच विभागत असलेली एखादी पेशी. संशोधक विद्यार्थी कोपऱ्यात ‘२० मायक्रॉन’ असं लिहितो, फाइल साठवतो आणि मार्गदर्शकांना पाठवतो. मार्गदर्शक फाइल उघडतात तर समोर काळाकुट्ट चौकोन. कोपऱ्यातली पांढरीशुभ्र अक्षरं तेवढी झळकताहेत, पेशींचा पत्ता नाही.

यात जादू नाही, अंकगणित आहे. कॅमेऱ्याने नोंदवलेला प्रकाश समजा ३०० ते ३,००० या आकड्यांच्या दरम्यान होता. फाइल सोळा बिटांची, म्हणजे तिच्यात ० ते ६५,५३५ एवढे आकडे मावतात. मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामने ‘पांढरा म्हणजे सगळ्यांत मोठा आकडा’ असं धरलं आणि अक्षरांच्या जागी ६५,५३५ भरून टाकले. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा तिथल्या प्रोग्रामने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा शोधला आणि त्या दोहोंमधलं अंतर पडद्याच्या २५६ छटांत वाटून दिलं. सगळ्यांत तेजस्वी पेशीच्याही वाट्याला जेमतेम दहावी-अकरावी छटा आली. दहावी छटा डोळ्यांना काळीच दिसते. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवली तर पेशी परत दिसतील. अक्षरांखाली ज्या सापडल्या, त्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

प्रतिमेवर मजकूर दोन तऱ्हांनी बसतो: टिकलीसारखा किंवा गोंदणासारखा. पहिल्या तऱ्हेत अक्षरं वेगळ्या थरात राहतात, हवी तेव्हा लावता येतात, हवी तेव्हा काढता येतात. सॉफ्टवेअर वापरणारे याला ओव्हरले म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत अक्षरांच्या आकाराखालचे पिक्सेलच बदलून टाकले जातात. रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत त्याला बर्न-इन म्हणायची पद्धत आहे. सहलीच्या फोटोवर तारीख अशी गोंदली गेली तर फार काही बिघडत नाही. पण जास्त बिटांच्या, करड्या छटांच्या वैज्ञानिक प्रतिमेत प्रत्येक पिक्सेल हे एक मोजमाप असतं. तिथे अक्षर घुसलं की संगणक त्या अक्षरालाही मोजमाप समजून वाचतो. पुढची प्रकरणं या एका अडचणीभोवती फिरतात.

साध्या डिजिटल फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, म्हणजे आठ बिट. बारा बिटांत ४,०९६ पायऱ्या होतात, चौदा बिटांत १६,३८४ आणि सोळा बिटांत ६५,५३६. पडद्यावर हा फरक दिसतच नाही, त्यामुळे एवढ्या छटा कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्या बघण्यासाठी नसतातच. एका पेशीतून दुसरीपेक्षा किती पट प्रकाश आला, एका ताऱ्याचं तेज काल रात्रीपेक्षा किती घटलं, हे मोजण्यासाठी त्या असतात. आणखी एक तांत्रिक तपशील इथेच सांगून ठेवायला हवा, कारण त्याचं काम पुढे पडणार आहे. संगणक आठाच्या पटीत विचार करतो. म्हणून बारा बिटांची नोंदही तो सोळा बिटांच्या जागेत ठेवतो, आणि वरचे चार बिट रिकामे राहतात.

करड्या छटेला आकड्याचं इतकं नेमकं मोल असू शकतं हे वैद्यकाला शिकवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला. ती प्रतिमा अवघ्या ८० गुणिले ८० बिंदूंची होती. १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं, आणि सीटीच्या छटांचं एकक त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्या मापपट्टीवर पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १,०००. दाट हाड हजाराच्याही पुढे जातं. बारा बिटांत ही पट्टी उणे १,०२४ पासून ३,०७१ पर्यंत बसते. मूत्रखड्यावर कर्सर ठेवून डॉक्टर आकडा वाचतात आणि तो युरिक आम्लाचा असेल की कॅल्शियमचा, याचा अंदाज बांधतात.

अशा प्रतिमेच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव ३,०७१ या आकड्याने गोंदलं तर काय होईल? माणूस नाव वाचेल. संगणकाच्या लेखी मात्र रुग्णाच्या कानाजवळ, मोकळ्या हवेत, धातूइतकं घन काहीतरी तरंगत असेल. डोक्याच्या प्रत्येक कापावर त्याच जागी तेच नाव असलं आणि कोणी त्या कापांतून हाडांची त्रिमितीय प्रतिकृती बनवायला घेतली, तर कवटीशेजारी अक्षरांच्या उभ्या भिंती तयार होतात. हसू येतं खरं. पण सांगाड्याची घनता मोजणाऱ्या प्रोग्रामला विनोद कळत नाही. तो त्या भिंतीही मोजतो.

संगणकाच्या कितीतरी आधीपासून माणूस करड्या प्रतिमांवर लिहीत आला आहे, आणि त्या जुन्या पद्धती बघितल्या की आजचे पेच जास्त स्वच्छ दिसतात. एक्स-रे काढताना तंत्रज्ञ कॅसेटवर शिशाचं ‘आर’ किंवा ‘एल’ हे अक्षर ठेवतात. शिसं किरण अडवतं, तेवढी फिल्म कोरी राहते आणि उजवी बाजू कुठली ते त्या चित्रातच नोंदलं जातं. हे गोंदण आहेच, पण प्रामाणिक गोंदण. कारण ते अक्षर त्या क्षणी, त्या किरणांच्या वाटेत खरोखर होतं. त्याचा आकडा कोणी नंतर भरलेला नाही. फिल्म उलटी धरली तर अक्षरही उलटं दिसतं आणि चूक लगेच ध्यानात येते. काही थोड्या माणसांचं हृदय उजवीकडे असतं. त्यांच्या बाबतीत हे शिशाचं अक्षरच सांगतं की चूक फिल्म धरण्यात नाही, शरीराची ठेवणच निराळी आहे. नावासाठी वेगळी व्यवस्था होती. कॅसेटच्या एका कोपऱ्यात शिशाचा तुकडा बसवून तेवढी फिल्म किरणांपासून राखून ठेवत आणि मग अंधाऱ्या खोलीत त्या राखीव जागेवर प्रकाशाने नाव छापत. जिथे मोजमाप नाही तिथेच लिहायचं, ही शिस्त यंत्राच्या रचनेतच घालून दिलेली होती. डिजिटल युगाने ती मोडली आणि मग पुन्हा शिकायला बरीच वर्षं घालवली.

खगोलशास्त्रज्ञ काचेवर शाईने लिहीत. त्यातली सर्वांत प्रसिद्ध काच एडविन हबल यांची. ५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री माउंट विल्सनवरच्या शंभर इंची दुर्बिणीतून त्यांनी देवयानी दीर्घिकेची प्रतिमा घेतली. त्या काचेवर त्यांनी काही बिंदूंना नवतारे समजून ‘एन’ अशी खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर त्यांतला एक तारा उजळत आणि मंदावत असल्याचं दिसलं. त्यांनी ‘एन’ खोडला आणि शेजारी लाल शाईत ‘व्हीएआर’ असं लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं. तो सेफिड जातीचा रूपविकारी तारा होता. त्याच्या तेजाच्या आवर्तनावरून अंतर काढता आलं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडची स्वतंत्र दीर्घिका ठरली. या काचेवरची शाई कोणी पुसायला निघालं तर इतिहासकार त्याला दारातही उभं करणार नाहीत.

आणि तरीही शाई पुसली गेली आहे. हबल यांच्या काचेवरची नव्हे, हार्वर्डच्या काचांवरची. हार्वर्डच्या संग्रहात पाच लाखांहून अधिक काचा आहेत. हेन्रिएटा लेव्हिट, ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्यांतल्या अनेक काचांवर तारे वर्तुळात घेऊन, क्रमांक घालून, बाण काढून काम केलेलं आहे. या काचांचं डिजिटल रूपांतर सुरू झालं तेव्हा अडचण उभी राहिली. त्या निगेटिव्ह आहेत: तारे काळे, आकाश पांढरं. स्कॅनरला काळ्या शाईचा ठिपका आणि काळा तारा यांतला भेद कसा कळावा? म्हणून आधी खुणांसकट काचेचा फोटो घ्यायचा, मग शाई पुसायची, मग स्कॅन करायचं, असा मार्ग काढला गेला. खुणांची नोंद एका प्रतिमेत राहिली आणि मोजमाप दुसरीत. स्त्री-शास्त्रज्ञांच्या हस्ताक्षराला पुसणं बऱ्याच जणांना रुचलं नाही आणि त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण शाई इतकी वर्षं पुसता येण्याजोगी राहिली, कारण ती काचेच्या बाजूला होती, रसायनाच्या थरावर नव्हती. काच जाड होती हे भविष्यातल्या सगळ्यांचं नशीब.

तिसरं उदाहरण चंद्रावरचं. अपोलो मोहिमांत चांद्रपृष्ठावर वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांत फिल्मच्या अगदी पुढे एक काच बसवलेली होती आणि तिच्यावर पाच रांगांत पाच-पाच असे पंचवीस बारीक क्रॉस कोरलेले होते, एकमेकांपासून दहा मिलिमीटरवर. फिल्म धुताना ताणली किंवा आक्रसली तरी या क्रॉसमधलं अंतर मोजून दुरुस्ती करता यावी, हा हेतू. पुढे काही फोटोंत क्रॉसच्या रेघा पांढऱ्या वस्तूंच्या ‘मागे’ गेल्यासारख्या दिसल्या आणि चांद्रमोहीम बनावट असल्याचा दावा करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं. कारण साधं होतं. अतिप्रकाशित पांढऱ्या भागातला प्रकाश फिल्मच्या थरात पसरला आणि त्याने केसाएवढी काळी रेघ गिळली. प्रतिमेत उमटवलेली खूण आजूबाजूच्या छटांपासून अलिप्त राहत नाही, याचा इतका जाहीर पुरावा दुसरा नसेल.

सॉफ्टवेअरकडे वळताना सुरुवात इमेजजे या प्रोग्रामपासून करणं रास्त. वेन रॅसबंड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९८७ साली मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज लिहायला घेतला आणि १९९७ पासून जावा भाषेत त्याचा वारसदार इमेजजे उभा केला. तो फुकट आहे, खुला आहे आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरला जातो. त्यात मजकूर थर म्हणून ठेवता येतो किंवा ‘ड्रॉ’ची आज्ञा देऊन पिक्सेलमध्ये उतरवता येतो. शंभर चित्रांच्या मालिकेवर वेळ लिहायची असेल तर त्यासाठी तयार सोय आहे आणि तिथेही ‘ओव्हरले वापरा’ असा एक चौकोन टिक करायला ठेवला आहे. तो चौकोन बघून पुढे जाणारे थोडे.

गंमत सुरू होते पांढऱ्या रंगापासून. सोळा बिटांच्या प्रतिमेत इमेजजेचा ‘पांढरा’ म्हणजे ६५,५३५ नसतो. त्या क्षणी पडद्यावर जी दृश्य-मर्यादा लावलेली असेल तिचं वरचं टोक म्हणजे पांढरा. मर्यादा ३०० ते ३,००० असेल तर अक्षरं ३,००० या आकड्याने लिहिली जातील. सुरुवातीला सांगितलेला काळा चौकोन त्यामुळे टळतो, ही जमेची बाजू. पण उद्या कोणी ती मर्यादा ० ते १२,००० अशी रुंद केली तर तीच अक्षरं मळक्या करड्या रंगाची दिसतील. आणखी वाईट म्हणजे, आज एक मर्यादा आणि परवा दुसरी लावून लिहिलेल्या दोन प्रतिमांत ‘पांढऱ्या’चे आकडे वेगळे असतील, आणि ते कुठे नोंदलेले नसतील. डोळ्यांना दोन्ही पांढरेच दिसले होते. इथे नियम एकच पाळायचा: अक्षर कोणत्या आकड्याने लिहायचं ते माणसाने ठरवायचं, पडद्याने नव्हे.

वैद्यकीय प्रतिमांत तर पांढऱ्याची दिशाही उलटी असू शकते. डायकॉम या मानकात करड्या प्रतिमांचे दोन प्रकार आहेत, मोनोक्रोम एक आणि मोनोक्रोम दोन. दुसऱ्यात लहान आकडा काळा असतो, पहिल्यात तो पांढरा. सगळीकडे मोठाच आकडा भरणारी एखादी घरगुती स्क्रिप्ट पहिल्या प्रकारच्या एक्स-रेवर चालवली की काळ्या हवेवर काळीच अक्षरं उमटतात. लिहिणाऱ्याला वाटतं लिहिलं गेलं नाही. तो आज्ञा पुन्हा देतो, मग तिसऱ्यांदा.

‘फ्लॅटन’ ही दुसरी मोहक आज्ञा. ती सगळे थर दाबून एक चित्र बनवते आणि अक्षरं अगदी पडद्यावर दिसत होती तशी, रंगासकट येतात. पण इमेजजेत फ्लॅटन केलेली प्रतिमा रंगीत, म्हणजे प्रत्येक रंगाला आठ बिट अशी होते. सोळा बिटांची मोजमापं तिथेच संपली. सादरीकरणाच्या स्लाइडसाठी हे उत्तम. मूळ फाइलवर तेच नाव देऊन साठवलं तर घात. फोटोशॉपची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या सोळा बिटांत आतून ० ते ३२,७६८ एवढ्याच पायऱ्या असतात. मधला बिंदू नेमका मिळावा आणि हिशेब झपाट्याने व्हावेत म्हणून केलेली ती निवड आहे. छायाचित्रकाराला याने काडीचाही फरक पडत नाही. पण ६५,५३६ पायऱ्यांची वैज्ञानिक फाइल तिथे उघडून नुसतं एक नाव लिहिलं आणि साठवली, तर अक्षरांपासून लांबच्या कोपऱ्यातल्या पिक्सेलचे आकडेही एखाद्या घराने हललेले असू शकतात.

आता अक्षरांच्या कडांविषयी. पडद्यावरची अक्षरं गुळगुळीत दिसतात कारण त्यांच्या कडेचे पिक्सेल अर्धवट रंगवलेले असतात. इमेजजेत ही गुळगुळीत करण्याची सोय आठ बिटांच्या आणि रंगीत प्रतिमांपुरती आहे. ओपनसीव्ही या प्रोग्राम-संग्रहातही कडा मऊ करणारं रेखाटन अनेक वर्षं आठ बिटांपुरतंच राहिलं. त्यामुळे सोळा बिटांवरची अक्षरं दातेरी दिसतात आणि लोक कुरकुर करतात. ही कुरकुर थोडी अस्थानी आहे. दातेरी अक्षराचा प्रत्येक पिक्सेल एकाच, ठरलेल्या आकड्याचा असतो. तो शोधून गणनेतून वगळता येतो. गुळगुळीत अक्षराच्या कडेला जे अधलेमधले आकडे तयार होतात ते खऱ्या ऊतींच्या, खऱ्या ताऱ्यांच्या आकड्यांत बेमालूम मिसळतात. मोजमापाच्या फाइलमध्ये दिसायला कुरूप अक्षर जास्त विश्वासू.

मराठीत लिहू पाहणाऱ्याच्या कथेला इथे वेगळा फाटा फुटतो. ओपनसीव्हीची अक्षरं घडली ॲलन हर्शी यांच्या कामातून. अमेरिकी नौदलाच्या डालग्रेन इथल्या शस्त्र-प्रयोगशाळेतल्या या शास्त्रज्ञाने १९६७ साली सरळ रेघांच्या तुकड्यांनी बनवलेल्या अक्षरांचा मोठा संच प्रसिद्ध केला. त्यात ग्रीक, रशियन, अगदी जपानी चिन्हंही होती. ओपनसीव्हीने घेतलं ते रोमन लिपीपुरतं. तिथल्या त्या जुन्या आज्ञेला ‘पुणे’ असं लिहायला सांगितलं तर प्रतिमेवर प्रश्नचिन्हं उमटतात. देवनागरीला फॉन्ट मिळाला तरी भागत नाही. ‘कि’मधली वेलांटी आधी काढावी लागते, ‘र्क’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो, ‘क्ष’ जुळवावा लागतो. हे काम हार्फबझसारखं वेगळं इंजिन करतं. त्यावर चालणारा उपाय असा: मजकूर आधी एका कोऱ्या आठ बिटांच्या मुखवट्यावर नीट जुळवून काढायचा, आणि मग त्या मुखवट्याच्या आधाराने सोळा बिटांच्या प्रतिमेत ठरवलेला आकडा भरायचा. कडा दातेरी हव्यात की मऊ हेही मग आपल्या हातात राहतं. अनुस्वार आणि उकार बारीक आकारात तुटतात, म्हणून देवनागरीला रोमनपेक्षा थोडा मोठा आकार द्यावा लागतो. म्हणजे आणखी काही मोजमापांवर पाणी सोडणं आलंच.

चित्राच्या पिक्सेलशेजारी मजकूर वेगळा ठेवायचा म्हटलं तरी देवनागरीची वाट फार रुंद नव्हती. डायकॉममध्ये वेगळं काही सांगितलं नसेल तर नाव मूळ रोमन अक्षरांतच धरलं जातं. युरोपातल्या लिप्यांसाठी आठ बिटांच्या तयार संचांची एक मालिका होती. त्या मालिकेतला बाराव्या क्रमांकाचा, देवनागरीसाठी योजलेला संच मात्र कधी आलाच नाही. युनिकोड स्वीकारलं गेल्यावर फाइलच्या माहितीत मराठी नाव मराठीत ठेवता येऊ लागलं. सोय आहे; यंत्रावर ती सुरू केलेली असते का, हा निराळा प्रश्न.

डायकॉमचीच थोडी अधिक ओळख आवश्यक आहे, कारण टिकली आणि गोंदण यांच्यामधली सर्वांत चतुर तडजोड त्याच्या घराण्यात झाली. अमेरिकेतल्या क्ष-किरण तज्ज्ञांच्या आणि विद्युत-उपकरण उत्पादकांच्या संघटनांनी मिळून १९८५ साली पहिलं मानक काढलं. १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे नाव आणि आजचं रूप मिळालं. वर सांगितलेले ते रिकामे चार बिट आठवावेत. मजकुराचा थर त्या बिटांत ठेवण्याची मुभा होती. एखाद्या पिक्सेलचा आकडा १,१०० असेल आणि त्यावर अक्षराचा भाग येत असेल तर तेरावा बिट पेटवायचा. आकडा होतो ५,१९६. त्यातून ४,०९६ वजा केले की मूळ १,१०० जसेच्या तसे. अक्षरही आहे आणि त्याखालचं मोजमापही शाबूत! कल्पना इतकी देखणी की ती टिकायला हवी होती. टिकली नाही, कारण वरचे बिट गाळायला विसरणारे प्रोग्राम निघाले आणि त्यांना ५,१९६ हाच खरा आकडा वाटू लागला. शिवाय प्रतिमा आक्रसून साठवताना हे पेटलेले बिट अडचणीचे ठरत. मानकाने ही सोय पुढे निवृत्त केली. थरासाठी फाइलमध्ये स्वतंत्र जागा होती, ती राहिली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तर बाण, वर्तुळं, मजकूर आणि दृश्य-मर्यादा हे सगळं मूळ प्रतिमेला हात न लावता वेगळ्याच छोट्या फाइलमध्ये ठेवण्याची पद्धतही मानकात आली.

एवढं सगळं असताना लोक गोंदतात का? कारण टिकली पडते. एका कंपनीच्या यंत्रावर काढलेला बाण दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर दिसत नाही. रुग्ण मोबाइलवर चित्र पाठवतो तेव्हा थर मागे राहतो. दूरच्या गावातल्या डॉक्टरांनी ज्या गाठीभोवती वर्तुळ काढलं ते शहरातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचलंच नाही, तर शुद्ध मोजमापाचा काय उपयोग? गोंदणाची बाजू कमकुवत नाही. सोनोग्राफीच्या यंत्रांनी ती केव्हाच स्वीकारली आहे. तिथे रुग्णाचं नाव, तारीख, मोजपट्टी बहुधा चित्रातच येते. ती चित्रं बहुतेक आठ बिटांची असतात आणि त्यांतल्या छटांना सीटीसारखं निरपेक्ष मोल नसतं, म्हणून नुकसान त्या मानाने कमी.

मोजमापाचं नुकसान कमी, गोपनीयतेचं मात्र मोठं. फाइलच्या माहितीतून नाव काढणं सोपं आहे, तो एका रकान्याचा प्रश्न. पिक्सेलमध्ये गोंदलेलं नाव तिथेच राहतं. संशोधनासाठी हजारो चित्रं दुसऱ्या संस्थेला द्यायची तर प्रत्येक चित्रातली अक्षरं शोधून झाकावी लागतात. डायकॉममध्ये यासाठीच ‘या प्रतिमेत ओळख पटवणारा मजकूर जळालेला आहे का’ अशी हो-नाहीची खूण ठेवलेली आहे. ती भरणं यंत्रावर आणि माणसावर अवलंबून, त्यामुळे कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ असं समजणं धोक्याचं. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव हीदेखील वैयक्तिक माहितीच आहे.

शिकणाऱ्या यंत्रांनी या जुन्या प्रश्नाला नवी धार आणली. २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात जॉन झेक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली प्रणाली शिकली त्या रुग्णालयांत उत्तम चालत होती, बाहेर अनेकदा घसरत होती. ती चित्रातल्या कुठल्या भागाकडे बघते ते तपासलं तेव्हा तिचं लक्ष कोपऱ्यातल्या धातूच्या खुणेकडेही असल्याचं दिसलं. तंत्रज्ञ बाजू दाखवायला ठेवतात तीच ही खूण. प्रत्येक रुग्णालयाची खूण वेगळ्या ढंगाची. एका रुग्णालयाच्या संग्रहात न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, दुसऱ्यात एक टक्क्याच्या आसपास. रुग्णालय ओळखलं की निम्मं उत्तर मिळत होतं, फुप्फुस बघायची तेवढी गरज उरत नव्हती. शिशाच्या ज्या प्रामाणिक अक्षराचं वर कौतुक केलं, त्यानेच इथे फसवलं. अक्षराचा त्यात दोष नाही. ते माणसासाठी ठेवलं होतं, वाचणारा बदलला.

खगोलशास्त्रात मात्र मजकूर आणि मोजमाप कटाक्षाने वेगळे ठेवले जातात. पुण्याजवळ खोडदला, नारायणगावच्या शेतांमध्ये, जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. तिथल्या निरीक्षणांतून घडणाऱ्या रेडिओ-प्रतिमा खगोलशास्त्रज्ञ फिट्स या स्वरूपात हाताळतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेलं हे स्वरूप मजकुराच्या बाबतीत कमालीचं कडक आहे. चित्राआधी शीर्षकाचा भाग, त्यात ऐंशी अक्षरांच्या ओळी, प्रत्येक ओळीत एक गोष्ट: दुर्बीण कोणती, तारीख काय, एकक काय. चित्राच्या आकड्यांना कोणी शिवत नाही. एखाद्या दीर्घिकेभोवती वर्तुळ काढून नाव लिहायचं असेल तर ते वेगळ्या छोट्या फाइलमध्ये जातं आणि बघताना वर ठेवलं जातं. अनेक दशकांपूर्वीची फिट्स फाइल आजही उघडते. जीवशास्त्रज्ञांनी हेवा करावा अशी ही शिस्त. पण ती त्यांना जशीच्या तशी लादता येणार नाही. त्यांचे वाचक, त्यांची यंत्रं आणि त्यांच्या घाई निराळ्या आहेत.

म्हणून पुढच्या प्रकरणांत ‘कधीच गोंदू नका’ असा उपदेश नाही. गोंदायचं तर कसं, याचा तपशील आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, गोंदण प्रतीवर. शक्य असेल तर चित्राखाली नवी पट्टी जोडायची आणि मजकूर तिथे लिहायचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांच्या चित्रांखाली असते तशी. २,०४८ गुणिले २,०४८ च्या चित्राला ६४ ओळींची पट्टी जोडली तर एकही मोजमाप मरत नाही. चित्रातच लिहायचं असेल तर रिकामा भाग निवडायचा, अक्षराचा आकडा मोजमापांच्या कमाल आकड्याच्या थोडा वर, पण फार वर नाही असा ठेवायचा आणि तो आकडा फाइलच्या माहितीत नोंदवायचा. टिफ, पीएनजी, डायकॉम या तिन्ही स्वरूपांत अशी नोंद ठेवायला जागा आहे. जेपेगचा नेहमीचा प्रकार टाळायचा. तो आठ बिटांचा आहेच, शिवाय अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती तो खोट्या छटांची कुजबुज उमटवतो.

आणि लिहून झाल्यावर एक तपासणी. गोंदलेल्या प्रतीतून मूळ प्रतिमा वजा करायची. ही वजाबाकी बत्तीस बिटांत करावी, कारण सोळा बिटांत उणे आकडे शून्यावर कापले जातात आणि निम्म्या चुका लपून राहतात. उत्तरात अक्षरांच्या जागी आकडे आणि बाकी सगळीकडे शून्य असायला हवं. दुसरीकडे कुठे एकही आकडा हललेला दिसला तर एकेक पायरी मागे जात तो कुठे हलला ते शोधायचं. संशयाची पहिली जागा म्हणजे साठवताना छटा आपोआप जुळवून घेणारा, आधीच टिक केलेला पर्याय.